शीर संपते तिथे

सासऱ्यांच्या घरात घालायच्या सपाता खाणीच्या तोंडाशी एकीला एक लागून नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या आणि ती जागीच थांबली.

"मॅडम, या कोणाच्या?" वेल्डरने विचारलं. "मघाशी तर नव्हत्या."

बोगद्याचं जुनं जाळीचं दार त्यानेच सकाळी कापून बाजूला ठेवलं होतं. त्या जागी आता भिंत उठायची होती. मग दोघं पत्र्याच्या शेडमध्ये चहाला गेले, आणि तेवढ्यात शेजारणीचा फोन आला: "अगं, तुझे सासरे घरात नाहीत. दार सताड उघडं आहे." ती त्यांना शोधायला रस्त्याच्या वळणाकडे निघालीच होती, तोच या सपाता दिसल्या. त्या पाहिल्यावर शोधायचं काही उरलं नाही. सगळी हयात खाणीत काढलेला माणूस तोंडाशी सपाता काढतो आणि गमबूट चढवतो. घराच्या माळ्यावरचे ते जुने गमबूट त्यांनी कसे आणि कधी काढले असतील, देव जाणे.

गावात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे दगडबाई. युरेनियमची ही खाण बंद पडून वर्षं लोटली होती. ती कायमची बुजवण्याआधी आत काय आहे ते नीट तपासून घ्यायचं, म्हणून भूगर्भशास्त्राची माणूस म्हणून ती इथे आली. काम रेंगाळलं, रोजच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा झाला, आणि दगडबाई गावची सून झाली. सासरे याच खाणीत ड्रिल चालवायचे. "मी आत खोदलं ते तू बुजव," असं म्हणून लग्नात ते एवढे हसले होते की त्यांना ठसका लागला होता.

गेलं वर्षभर त्यांचं डोकं घसरणीला लागलं होतं. काल काय जेवलो ते आठवायचं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या पाळीवर कोण कोण होतं ते सगळं तोंडपाठ. आज सकाळी चहा देताना ती सहज बोलून गेली होती, "बाबा, आजपासून खाण बंद करायला घेतोय."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि आत माणसं आहेत, त्यांचं काय?"

"आत कोणी नाही, बाबा."

"तीन जण आहेत," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत बसले. तिनेही ते मनावर घेतलं नाही. घाईत होती.

आता ते सगळं तिच्या लक्षात आलं. त्यांच्या तरुणपणी एकदा आतलं छत बसलं होतं आणि तिघं पलीकडे अडकले होते. हे रात्रभर अलीकडून दगडावर दगड आपटून त्यांना धीर देत होते. तिघंही जिवंत बाहेर आले. त्यातले दोघं अजून गावात होते आणि बाजारात भेटले की सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारायचे. पण हे सांगून काही उपयोग नव्हता. सासऱ्यांच्या डोक्यात ते तिघं अजून आतच होते.

वेल्डरने बचाव पथकाला फोन लावला. ते यायला तासभर तरी लागणार होता. नवऱ्याचा फोन लागेना, घाटात असेल. एकट्याने आत जायचं नाही, असा फलक तिनेच लिहून बोगद्यापाशी टांगला होता.

"मी येतो मॅडम," वेल्डर म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आधीच सांगतो, मी लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभा राहतो. पण येतो."

"मातीच्या पट्ट्यापर्यंत या. तिथे दिवा धरून उभे राहा आणि मला हाका मारत राहा. पुढे येऊ नका."

तिने हेल्मेट घातलं, तोंडाला गाळणीचा मास्क बांधला, हवा मोजायचं यंत्र छातीवर अडकवलं आणि किरणं मोजायचं यंत्र कमरेला. कमरेचं यंत्र तोंडाशीच टिकटिक करू लागलं. ती टिकटिक तिच्या सवयीची होती. तिला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आज हवा हलत नव्हती. उन्हाळ्यात या बोगद्यातून गार वारा बाहेर येतो, थंडीत बाहेरचा वारा आत ओढला जातो. डोंगर श्वास घेतो म्हणायला हरकत नाही. पण बाहेरचं आणि आतलं गारपण सारखं झालं की तो श्वास थांबतो. आजचा दिवस तसा होता. तिने बोगद्याच्या तोंडाशी धरलेला कागदाचा कपटा सरळ खाली लोंबत राहिला.

सुरुवातीला बोगदा ग्रॅनाइटमधून जात होता. त्या दगडाची तिला कधीच भीती वाटली नाही. करडा, गुलाबी ठिपक्यांचा, अखंड. त्याला टेकू लागत नाही, लाकूड लागत नाही. माणसांनी तो कोरला तसाच तो राहिलेला. तिने भिंतीला हात लावला तेव्हा जरा धीर आला. मागे वेल्डर मोठ्याने श्वास घेत होता आणि मधूनमधून स्वतःशीच "काही नाही, काही नाही" म्हणत होता.

पुढे तो पट्टा आला. फार पूर्वी हा डोंगर इथे मोडून सरकला होता. दोन बाजूंचे कातळ एकमेकांवर घासले आणि मधल्या दगडाची नुसती माती झाली, लोण्यासारखी मऊ, ओली, लालसर. इथेच छत बसलं होतं. ते तोलून धरायला लावलेली लाकडं कुजून काळी पडली होती, त्यांवर पांढरी बुरशी कापसासारखी लोंबत होती. एका खांबाला तिने कधीतरी बोट लावलं होतं तर बोट आत गेलं होतं. त्या दिवसापासून तिने इथे मोठ्याने बोलणंही सोडलं होतं.

ती थांबली, आणि तेव्हा तिने तो आवाज ऐकला.

टक. टक. टक.

आतून, पुढच्या काळोखातून. दगडावर दगड. मग शांतता. मग पुन्हा टक, टक, टक.

वेल्डरने तिचा दंड घट्ट पकडला. "मॅडम... आत कोण आहे?"

"बाबा आहेत," ती म्हणाली. पण अंगावर काटा आला तो आलाच. क्षणभर, अगदी क्षणभर, तिलाही वाटून गेलं की ते तिघं खरंच कधी बाहेर आलेच नसतील तर?

"इथेच थांबा," तिने त्याला सांगितलं, आणि अंग चोरून त्या लाकडांखालून पलीकडे गेली. खांद्यावर माती भुरभुरली. जीव मुठीत धरणं म्हणजे काय, ते तिला तिथे कळलं.

पलीकडे सगळंच निराळं होतं. ग्रॅनाइट एका उभ्या भेगेने चिरलेला होता आणि खाणीचा सगळा खटाटोप त्या एका भेगेपायी झालेला. कोणे काळी तिच्यातून खालचं ऊन पाणी वर आलं आणि जाताना मागे एक काळं, जड, डांबरासारखं चमकणारं खनिज ठेवून गेलं. जेमतेम वीतभर रुंदीचं. खाणीतले लोक त्याला शीर म्हणत. जिथे शीर जाईल तिथे बोगदा जाई. ती वर चढली की माणसं वर चढत, खाली गेली की खाली उतरत. काळी शीर आता जवळपास सगळी ओरबाडून नेलेली होती, पण भेगेतून झिरपणाऱ्या पाण्याने उरल्यासुरल्याचं पिवळंजर्द, पोपटी पीठ करून भिंतीवर फासलं होतं. तिच्या दिव्यात ते फार सुंदर दिसायचं. गारगोटीचे खडे मात्र शेजारच्या त्या काळ्या खनिजाचे किरण खाऊन खाऊन धुरकट झाले होते, काजळी धरलेल्या काचेसारखे. कमरेच्या यंत्राची टिकटिक आता सुटी ऐकूच येत नव्हती. सलग घरघर झाली होती. तिने ते बंद केलं. जे माहीत आहे ते पुन्हा पुन्हा कशाला ऐकायचं?

"मॅडम!" मागून वेल्डर ओरडला.

"आहे!" ती ओरडली. मागे पट्ट्यात मातीचं ढेकूळ पडल्याचा मऊ आवाज आला.

पुढे जमिनीत खड्डा होता. शीर इथे खाली गेली होती, तिच्यामागे माणसं खाली गेली होती, आणि माणसं सोडून गेल्यावर पाणी भरलं होतं. काळं, स्थिर, काठोकाठ. त्यावर आडव्या फळ्या टाकलेल्या. फळ्यांवरच्या चिखलात गमबुटांचे ताजे ठसे होते. म्हणजे म्हातारा यावरून गेला. ती एकेक पाऊल दाबून बघत, श्वास रोखून पलीकडे पोचली. आपल्यापेक्षा ते हलके आहेत, एवढंच तिच्या मनात आलं.

त्यानंतर बोगदा अरुंद होत गेला आणि छातीवरचं यंत्र शिट्टी वाजवू लागलं.

रेडॉनची भीती तिला रोजचीच. या दगडातून तो वायू सतत झरतो, त्याला ना रंग ना वास, आणि वारा नसेल तिथे साचत जातो. पण रेडॉन सवडीने मारतो, वर्षं घेतो. आत्ताची भीती साध्या हवेची होती. कुजणारं लाकूड, झिजणारा दगड, साचलेलं पाणी, सगळ्यांनी मिळून इथल्या हवेतला प्राण खाऊन टाकला होता. मास्क त्याला काहीच करू शकत नव्हता. इथे माणूस गुदमरत नाही. त्याला नुसती झोप येते. तिच्या कपाळात कळ उठली. पाय जड झाले.

शीर जिथे बारीक होत होत केसाएवढी होऊन दगडात नाहीशी होते, तिथे बोगदाही संपत होता. तिथे सासरे बसले होते. गमबूट, घरातला सदरा, बाजूला मिणमिणती विजेरी. हातातला दगड त्यांनी भिंतीवर आपटला. टक, टक, टक. मग कान लावून ऐकू लागले.

"बाबा!"

त्यांनी वळून पाहिलं. तिचा दिवा त्यांच्या डोळ्यांत गेला. "कोण?"

"मी आहे बाबा. चला, घरी जाऊ."

"शूऽ! ऐक. पलीकडून उत्तर येतंय."

तिने नकळत ऐकलं. खरंच कुठेतरी टपटप होत होतं. पाणी. पाणीच असणार. "बाबा, ते तिघं सुटले. केव्हाच सुटले. त्यातले दोघं परवाच तर बाजारात भेटले तुम्हाला."

"कोण तू? इथे बायकांना आत सोडत नाहीत." ते हसल्यासारखे झाले आणि त्यांची मान छातीवर कलली. ओठ निळसर दिसत होते. तिने दंड धरून त्यांना उठवायला पाहिलं, तर त्या काटकुळ्या म्हाताऱ्याने असा हिसडा दिला की ती भिंतीवर आदळली. "माणसं आत टाकून मी येणार नाही! जा, सांग जाऊन!"

यंत्र किंचाळत होतं. ती गुडघ्यांवर बसली. तिलाही वाटलं, जरा बसावं. थोडंसंच. आणि असं वाटलं याचीच तिला एवढी दहशत बसली की ती ताडकन उभी राहिली.

जेवताना सासरे खूपदा एका मुकादमाची नक्कल करायचे. भोंगा म्हणत त्याला. आवाज तसा म्हणून. काठीने हेल्मेटवर टोले द्यायचा, आईबापांचा उद्धार करायचा, आणि पाळी सुटली की तोंडाशी उभा राहून माणसं मोजायचा. सासऱ्यांना तो काटक्या म्हणे. नक्कल करताना ते हसायचे, पण भोंग्याला ते किती घाबरत होते हे त्या हसण्यातूनच कळायचं.

लग्न झाल्यापासून तिने सासऱ्यांना कधी "बाबा"शिवाय हाक मारली नव्हती. त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. तिने मास्क खाली ओढला. दिवा मुद्दाम त्यांच्या डोळ्यांवर धरला, म्हणजे तिचा चेहरा दिसू नये.

"ए काटक्या!"

म्हाताऱ्याची मान झटकन वर आली.

"उठ! बहिरा झालास काय रे? पाळी कधीची सुटली! बाहेर मोजणी झाली, ते तिघं आलेत, सगळे आलेत. एक माणूस कमी भरतोय. कोण आहे तो? तू! तुझ्यापायी सगळे खोळंबलेत!"

"तिघं... आले?"

"आले म्हणून सांगतोय ना! उठतोस का हाणू टाळक्यात?"

ते उठले. भिंतीला धरून, थरथरत, पण उठले. "चुकलं, मुकादम," ते म्हणाले. "चुकलं. निघालोच." तो बारीक, लाचार आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. तिला रडू फुटलं, पण रडायला लागणारा श्वासही तिच्याकडे नव्हता.

"चल! मागे बघू नकोस!"

ते पुढे, ती मागे. दर चार पावलांना ते अडखळत आणि दर वेळी ती शिवी हासडे. शिव्या येतात कुठून याचं तिलाच नवल वाटत होतं. लांबून वेल्डरची हाक आली, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. फळ्या आल्या. ते सहज, सवयीने, पाय फाकवून पार झाले. यंत्राची शिट्टी थांबली होती. सुटलो, असं तिच्या मनात आलं, आणि तिच्या पायाखालची फळी मोडली.

पाणी बर्फासारखं होतं. ती छातीपर्यंत आत गेली. दोन्ही कोपर दुसऱ्या फळीवर अडकले म्हणून वर राहिली. खाली पाय हलवले, तळ नव्हता. काहीच नव्हतं. हेल्मेट पडलं, त्याचा दिवा पाण्यात हिरवट होत खाली खाली गेला आणि दिसेनासा झाला.

काळोख. बुटांचा आवाज पुढे पुढे जात होता. मागे बघू नकोस, असं तिनेच सांगितलं होतं.

तिला हाक मारायची होती, पण कोणत्या नावाने? बाबा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. भोंग्याच्या आवाजात ओरडायला छातीत हवा नव्हती. तोंडातून नुसताच एक आवाज निघाला, मांजराच्या पिल्लासारखा.

बूट थांबले. मग ते परत आले.

"मुकादम?" विजेरीचा मिणमिणता उजेड पाण्यावर हलला. "घाबरू नका. हलू नका. फळीला नाही, मला धरा." ते काठावर पालथे पडले, एक बूट दगडाच्या खाचेत अडकवला, आणि तिच्या काखेत दोन्ही हात घातले. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "तीन म्हणताना पाय झाडा. एक. दोन." ती कशी वर आली, तिला सांगता येत नाही. कातळावर पडून ती ओकली. ते शेजारी उभे होते, हात जोडून. "मारू नका हं," ते म्हणाले. "मीच पुढे गेलो. माझं चुकलं."

ज्या माणसाला ते आयुष्यभर घाबरले, ज्याच्या नावाने त्यांनी बोटं मोडली, त्याला काढायला ते परत आले होते.

मातीच्या पट्ट्यात वेल्डर उभा होता. पळाला नव्हता. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि तो अजून हाका मारत होता. तिघं एकमेकांना धरून लाकडांखालून निघाले. त्यांच्या पाठीमागे कुठेतरी काहीतरी लांबलचक सुस्कारा टाकून बसलं. कोणी वळून बघितलं नाही.

तोवर पोचलेल्या बचाव पथकाने त्यांना दवाखान्यात नेलं, तिथे दोघांना रात्रभर प्राणवायूवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, सूनबाईंना त्या तेवढ्या वेळाने फारसं काही होणार नाही. आजोबांच्या फुप्फुसांचं म्हणाल तर, आजच्या दिवसाने काही बिघडलेलं नाही; जे बिघडायचं ते खाणीतल्या तीस वर्षांत केव्हाच बिघडलंय. नवरा दोघांच्या खाटांमधल्या स्टुलावर बसून होता. कोणाचा हात धरावा ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने दोघांचे धरले.

सगळं नीट पार पडलं, असंच सगळे म्हणाले. वेल्डरला तर गावात डोक्यावर घेतलं.

पण घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ती चहा घेऊन खोलीत गेली आणि सासरे पलंगावरून उठून उभे राहिले. खाली मान, हात पाठीमागे. ती बाहेर जाईपर्यंत ते बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिने त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, "बाबा, मी आहे, तुमची सून." ते "हो मुकादम" म्हणाले. तिच्या सावलीनेही ते दचकू लागले. एकदा तिच्या हातून भांडं पडलं तर त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मग एका संध्याकाळी तिने ऐकलं. ते मुलाला जवळ ओढून दबक्या आवाजात सांगत होते, "अरे, भोंगा आपल्या घरात राहायला आलाय. मला काय, मी सोसलंय सगळं. पण तुझ्या बायकोला जप. पोरीला त्याच्यासमोर एकटी सोडू नकोस. फार गुणाची पोर आहे रे ती."

ती दाराच्या पडद्यामागे उभी होती. मग आवाज बारीक करून, रोजच्यासारखा, पडद्यामागूनच म्हणाली, "बाबा, चहा ठेवू का?"

"कोण, सूनबाई? ये ना. किती दिवसांनी आलीस!"

ती आत गेली नाही. खाली फरशीवर बसली, पडदा मध्ये तसाच ठेवून. "इथूनच बोलते बाबा. हातात काम आहे."

"बरं बरं. तो नाही ना तिकडे?"

"नाही. गेला."

"दार लावून घे," ते म्हणाले.

तेव्हापासून ते तसंच चाललं आहे. चहा नवरा आत नेऊन देतो, ती पडद्याआड बसते. सासरे तिला दगडांबद्दल विचारतात, ती सांगते: शीर कशी आली, पाणी कुठून आलं, गारगोटी काळी का पडली. कधी ते हसतात. खाणीच्या तोंडाशी भिंत उभी राहिली, तिच्यावर माती चढली, गवतही आलं. ती अधूनमधून तिथली हवा मोजायला जाते.

घरात मात्र ती फार हळू बोलते. नवरा मागच्या अंगणात असला तरी त्याला हाक मारत नाही, चालत जाऊन सांगते.